हळद आपली, हक्क त्यांचा

रसिका पाटावर बसून बसून कंटाळली होती. हिरवा चुडा भरून झाला, सनईची कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजून झाली, पण भाईंदरहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद काही येईना. ती आल्याशिवाय मुलीला हळद लागत नाही, हळद लागल्याशिवाय आंघोळ नाही, आणि बिनआंघोळीची नवरी बोहल्यावर कोण उभी करणार? मुहूर्त दुपारचा. तिची आई मनोरमाबाई सारखी गॅलरीत जाऊन खाली मीरा रोडचा रस्ता बघून येत होती.

"नाही आली हळद तर सुटलो म्हणायचं," काशीनाथमामा म्हणाले. लग्नघरात असं बोलायची छाती मनोरमाबाईंच्या थोरल्या भावाचीच. मामा मंत्रालयातून रिटायर झालेले. पेपरातला मथळा वाचला की खालचा मजकूर आपल्याला आपोआप कळतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"दादा, शुभ बोल रे आजच्या दिवशी!"

"शुभच बोलतोय. अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलंय. पेपर वाचत जा जरा."

"म्हणजे काय केलं?"

"म्हणजे हळद आपली, हक्क त्यांचा. लावायची तर त्यांची परवानगी हवी. कोर्टात खेचतील!"

आता ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली. पेटंट होतं ते जखमेवर हळद लावण्यापुरतं, आणि आपल्या शास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध तिकडे दादही मागितली होती. पण हे सगळं मथळ्याखाली बारीक अक्षरात होतं, आणि तिथवर उतरणं मामांच्या स्वभावात नव्हतं.

रसिकाचे वडील उत्तमराव पार गोंधळले. "अहो, पण वाण्याने तर काही न विचारता दिली."

"वाण्याला काय कळतंय, उत्तमराव? उदारीकरण म्हणजे दुसरं काय असतं?"

"हाय हाय," शेजारच्या हंसाबेननी छातीला हात लावला, "मेरी तो सुबह की दाल में भी डल गई!"

तेवढ्यात बेल वाजली. मामांनी दार उघडलं. दारात एक उंच, गोरापान साहेब. गळ्यात कॅमेरा. हातात फडक्याने झाकलेली स्टीलची वाटी.

"हाल्दी?" साहेबाने हसून विचारलं.

मामांनी दार अर्धं लोटलं आणि मागे वळून कुजबुजले, "आले! सॅम्पल घेऊन आलेत. आपली हळद त्याच्याशी जुळते का बघणार. लपवा, लपवा!"

घरात एकच धावपळ उडाली. मनोरमाबाईंनी कालवून ठेवलेली हळद मोरीत ओतली, वर बादलीभर पाणी. मसाल्याच्या डब्यातली हंसाबेननी संडासात रिकामी केली. रसिकाला उचलून आतल्या खोलीत कोंडलं. दारात मामा खिंड लढवत होते.

"नो हळदी. हाउस फुल चेकिंग, नो हळदी."

साहेब गोंधळला. त्याने डोक्यावरचं आंब्याचं तोरण पाहिलं, सनई ऐकली. "बट... वेडिंग?"

मामा हुशार. लग्न म्हटलं की हळद आलीच! "नो वेडिंग," ते ठासून म्हणाले. "नो वेडिंग ॲट ऑल!"

"नो वेडिंग?" साहेबाचा चेहरा उतरला. "शुअर?"

"हंड्रेड पर्सेंट!"

साहेब मान खाली घालून लिफ्टने खाली गेला. मामांनी कपाळावरचा घाम पुसला. लिफ्ट साहेबाला घेऊन गेलेली, त्यामुळे जिन्याने धापा टाकत नवऱ्या मुलाची बहीण रुचिता वर आली. तिच्या हातात हळदीच्या साडीचं ताट होतं.

"लावली का हळद? गाडीतून सामान काढेपर्यंत म्हटलं वॉल्टरसाहेबांनी पुढे व्हावं. नीरजदादाचे अमेरिकेचे बॉस ते! म्हणाले, वाटी मीच नेणार. आहेत कुठे?"

उत्तमराव भिंत धरून खाली बसले.

"ते... गेले," मनोरमाबाई कशाबशा म्हणाल्या.

"गेले? का?"

"मामांनी सांगितलं, लग्न नाही म्हणून."

रुचिता किंचाळलीच. हळद परत फिरली म्हणजे सोयरीक मोडली! साहेब भाईंदरला पोचून हे बोलला असता, तर तिच्या वडिलांनी मांडव तिथल्या तिथे उतरवला असता. आत रसिका रडायला लागली. मनोरमाबाई भावाकडे अशा बघत होत्या की मामा आपणहूनच चपला घालायला लागले.

उत्तमराव, मामा आणि रुचिता रिक्षात बसून सुटले. मीरा-भाईंदर रस्त्यावर, कडेला, ती गाडी उभी दिसली. समोर पाण्याचा टँकर आडवा आलेला, आणि ड्रायव्हर टँकरवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता. आतमध्ये वॉल्टरसाहेब. ब्रेक लागल्याबरोबर वाटी उडाली होती. साहेब गळ्यापासून पोटापर्यंत पिवळाधमक. मनगटाला खरचटलेलं, त्यातही हळद.

रुचिताने इंग्रजीतून सगळं समजावलं. साहेबाला त्यातलं निम्मंच कळलं.

"सो, वेडिंग येस?" त्याने मामांनाच विचारलं.

"येस, येस," मामा म्हणाले. चूक कबूल करतील ते मामा कसले? "पॉलिसी चेंज्ड."

साहेबाला तसाच पिवळा घरी आणला. आता प्रश्न पडला हळदीचा. घरातली मोरीत गेलेली, आणि नवऱ्याची उष्टी हळद तेवढी साहेबाच्या शर्टावर. हंसाबेन चमचा घेऊन पुढे झाल्या आणि साहेबाचं पोट खरवडायला लागल्या. साहेब हात वर करून उभा.

"अगं, पण ही आता कुणाची उष्टी म्हणायची?" मनोरमाबाईंनी विचारलं. "नवऱ्याची की साहेबाची?"

"काकू," रुचिता म्हणाली, "आधी दादाला लागलीय. साहेबांनी नुसती आणून दिली."

"तरी पण, देवा, पोरीला सासर एकच असू दे," म्हणत मनोरमाबाईंनी डोळे मिटून लेकीच्या गालाला बोट लावलं. रडता रडता रसिकाला हसू फुटलं ते आंघोळ होईपर्यंत थांबेना.

मुहूर्त गाठला. अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगतीत वॉल्टरसाहेब उत्तमरावांचा झब्बा घालून मामांच्या शेजारी बसला. त्याने मनगट उलटसुलट करून पाहिलं, आणि हळूच रुचिताच्या कानात काहीतरी सांगितलं.

"मामा," रुचिता म्हणाली, "साहेब म्हणतायत, रक्त लगेच थांबलं, आग पण नाही. थोडी हळद अमेरिकेला घरी न्यायची म्हणतात. तुमची परवानगी असेल तर."

मामांच्या हातातला घास तसाच राहिला. सबंध आयुष्यात अमेरिकेने त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "गिव्ह ॲप्लिकेशन. विल सी."

तोवर मनोरमाबाईंनी आचाऱ्याकडून मागून आणलेली कागदाची पुडी साहेबाच्या झब्ब्याच्या खिशात कोंबलीही होती. "ने रे बाबा," त्या म्हणाल्या, "संपली की कळव. आणखी पाठवते."