साठेकाकांचा राहिलेला लेख

साठेकाका लॅपटॉपच्या पडद्याला लाकडी फूटपट्टी लावून वाचतात. एक ओळ झाली की पट्टी खाली. मग अडलेलं अक्षर चौकटीच्या वहीत उतरवायचं आणि पुन्हा पट्टी. क्लबच्या लॅपटॉपवर इतके ओरखडे आहेत की आम्ही मांजर पाळलंय असं कुणालाही वाटावं.

आमचा क्लब म्हणजे ओसाकातल्या आमच्या विद्यापीठातलं, विद्यार्थ्यांनी चालवलेलं ऑनलाइन कलामासिक. प्रदर्शनं, नाटकं, नाच, सगळं जपानीत. सध्याची संपादक मी. वाचक किती, ते विचारू नका. एक मात्र नक्की आहे, साठेकाका. साठीचे इंजिनियर, पंचवीस वर्षं ओसाकात. ऑफिसात इंग्रजीवर निभावलं, त्यामुळे जपानी बोलण्यापुरतं, वाचायला शून्य. काकू तीन वर्षांपूर्वी सांगलीला परतल्या, हे मात्र इथेच. गेलं वर्षभर दर शनिवारी दुपारी चिवड्याचा डबा घेऊन आमच्या खोलीत हजर. "तुझ्या गावचे आहेत, तूच बघ," म्हणून मुलांनी ते माझ्या गळ्यात मारले. मी नाशिकची. पण ओसाकातून नाशिक काय नि सांगली काय!

नवे अंक त्यांना नको असत. जुने काढून बसत. एका लेखाला एक महिना. नाचावरच्या एका लेखात 'देहाचं मौन' असं काहीतरी होतं. काकांनी तीन मुलांना गाठून विचारलं, "म्हणजे ती नेमकी किती मिनिटं गप्प होती?" चौथा त्यांना बघून जिन्यावरूनच परतला.

मी घाई केली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "सावकाश गं. लेख काय पळून जातोय?"

लेख संपला की खालच्या प्रतिक्रियेच्या चौकटीत, एका बोटाने, जपानीत एकच शब्द. वाचलं. त्याखाली, साठे. संपादकाने मंजूर केल्याशिवाय आमच्याकडे प्रतिक्रिया दिसत नाही. मंजुरीच्या यादीत नुसतं लेखाचं शीर्षक येतं, प्रतिक्रिया वाचायची तर उघडावी लागते. मी दुसरीकडे बघत बटण दाबायचे.

मार्चच्या सुरुवातीला विद्यापीठाने कळवलं की साइट बदलणार, दोन वर्षांपूर्वीचं सगळं महिनाअखेरीस जाणार. मी काकांना सांगितलं. पट्टी हातात तशीच राहिली.

"पळून चाललाच की गं," ते म्हणाले. "एकच राहिलाय माझा."

"मग प्रत काढून देते ना, काका. घरी वाचा निवांत."

"प्रत मिळेल. खाली लिहायची जागा कुठून आणशील?"

मी वैतागून त्या राहिलेल्या लेखाचं पान उघडलं आणि खाली सरकवलं. तळाशी बारीक अक्षरात लेखिकेचं नाव होतं. साठे ईशा. त्यांनी वाचलेले अकराही लेख उघडले. सगळे तिचेच. वर्षभरात मी एकदाही तळापर्यंत गेले नव्हते. संपादक म्हणे!

"मुलगी माझी," काका म्हणाले. "चार वर्षं झाली जाऊन. आजारपणात. मराठीत विचारलं तरी पोर जपानीत बोलायची. जेवताना रोज, 'बाबा, योंदा?' वाचलंत का म्हणून. मी म्हणायचो, सावकाश वाचतो. लेख काय पळून जातोय?"

"मग हा कधीपासून राखून ठेवलाय?"

"पहिल्यापासून. हा वाचला की तिचं नवीन काही उरत नाही."

मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. त्या मार्चमध्ये ते रोज आले. लेख एका छोट्या प्रदर्शनावर होता, कुणीतरी काढलेल्या स्टेशनांच्या चित्रांवर. बापाचा उल्लेख येईल म्हणून मी वाट बघत होते. कुठेच आला नाही. मला वाईट वाटलं. काका मात्र म्हणाले, "चांगलं लिहायची गं."

सत्तावीस तारखेला पट्टी शेवटच्या ओळीखाली पोचली. काकांनी चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला, कळफलक मराठीवर करून मागितला आणि बराच वेळ एका बोटाने लिहीत बसले. मग पट्टी पिशवीत टाकून गेले.

यादीत शीर्षक आलं. या वेळी मी उघडून वाचलं.

"ईशा, वाचलं. उशीर झाला. बाबा."

मी बटण दाबलं. चार दिवस ते पानाखाली होतं.