टेलिफोनावर मरिया सिस्टरची स्वारी

श्री. शके अठराशे त्र्याण्णव, पौष मास. ते समयी सरहद्दीवर थोरली लढाई होऊन नुकतीच शांतता जाहली होती, आणि नगर म्हणजे रणगाड्यांचे ठाणे, तेव्हा शहरी जो तो रणगाड्यांचीच वाखाणणी करीत हिंडे. त्या लढाईच्या बखरी लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना कागदही सरकारचा मिळतो. परंतु त्याच मासी केडगावाअलीकडे मिशनच्या दवाखान्यात जी मोहीम जाहली, तीत तोफ नाही, घोडा नाही, रक्त म्हणाल तर तपासणीस घेतात तितकेच, तरी पाहणारांची पाचावर धारण बसली, तिची दखल कोणी घेतली नाही. म्हणोन आम्ही घेतो. घडले तेच लिहितो, पदरचे घालत नाही. आणि घातलेच तर भाजीत मीठ घालावे इतके.

त्या दौलतीचे खावंद डॉक्टर उजागरे, हातगुणाचे आणि रागाचे सारखेच थोर. त्यांचे पदरी मरिया भांबळ नामे सिस्टर, वय कोवळे, काम पक्के. अपुऱ्या दिवसांची लेकरे जन्मली की ती कापसात गुंडाळावी, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्या आणि उरलेले देवावर सोपवावे, हा त्या काळचा रिवाज होता, आणि देव सर्वच वेळा मोकळा नसे. एक लेकरू मरिया सिस्टरच्या हातातच गार जाहले, ते दिवसापासून त्यांनी मनाशी पण केला की विलायतेस ऐशा लेकरांस काचेच्या पेटीत वाढवितात, ती विद्या शिकोन यावी आणि नगरात आणावी. तशात बातमी आली की विलायतेच्या एका इस्पितळाची मेट्रन, मिस हॉल्ट, खासा पुण्याहून मोटारीने येणार, ठिकठिकाणच्या सिस्टरांची परीक्षा घेणार, आणि त्यांतून एकीसच नेणार. परीक्षा औषधांची नव्हे, ती मरिया सिस्टरने चुटकीसरशी मारिली असती. परीक्षा बोलण्याची. विलायतेच्या वॉर्डात डॉक्टराशी टेलिफोनावर इंग्रजीत कैसे बोलाल, ते टेलिफोनावरच करून दाखवा, ऐसा हुकूम.

आता या दौलतीचा एक कायदा सांगितल्यावाचून पुढील मजकूर उमगणार नाही. डॉक्टर उजागऱ्यांस कोणी तोंडावर चुकले म्हणत नसे. डॉक्टरसाहेब राउंडास येत, एखाद्यास नको ती गोळी सांगत, आणि मग सिस्टरने डॉक्टरांकडे न पाहता छबूबाईंकडे पाहावे. छबूबाई म्हणजे वॉर्डातील जुनी आया, केडगावची, फरशी पुसणारी. सिस्टरने मोठ्याने म्हणावे, "छबूबाई, ह्याच बाबांना मागं त्या गोळीनं उलट्या झाल्या होत्या ना हो?" आणि छबूबाईंनी फडके पिळीत म्हणावे, "व्हय बाई, लई झाल्या हुत्या." मग डॉक्टरसाहेबांनी छताकडे पाहत फर्मावावे की गोळी बदला. येणेप्रमाणे रोग्याचा जीवही राही आणि डॉक्टरांचा आबही राही. डॉक्टरांस सिस्टरांवर रागे भरणे असले तरी तेही छबूबाईंसच सांगत, की छबूबाई, या वॉर्डात टेबले पुसण्याची मनाई आहे काय? सबब त्या दवाखान्याचे सारे राजकारण छबूबाईंच्या कानावरून चाले. छबूबाईंस औषधातले ओ की ठो कळत नसे, पण कोणी काही पुसले तर व्हय म्हणावे, हे व्रत त्यांनी कधी मोडिले नाही.

असो. मोहिमेस कुमक पाहिजे म्हणोन दोन सरदार बोलाविले. पहिले मिशनच्या शाळेचे कृपादान मास्तर, इंग्रजीचे मातब्बर, ज्यांनी उभ्या हयातीत अर्जांखेरीज इंग्रजी लिहिले नाही. त्यांनी सिस्टरकडून घोकून घेतले की, परमपूज्य महाशय, अत्यंत आदरपूर्वक आणि नम्रतापूर्वक विनंती करण्याची परवानगी घेते की पाच नंबर खाटेवरील रुग्ण बाई हल्ली प्रकृतीने तितकीशी बरी नसून... येथवर इंग्रजी येते तों मास्तरांस धाप लागे आणि खाटेवरील बाईची आशा सोडावी लागे. दुसरे सरदार हवालदार गोरक्षनाथ, रणगाड्यांतून पेन्शनीत निघालेले, वायरलेसवर आयुष्य गेलेले. ते म्हणाले की नम्रता गेली खड्ड्यात. "खाट पाच. श्वास खराब. ताबडतोब या. ओव्हर." बस्स! यावरून दोघा सरदारांत ओसरीवर जी जुंपली ती विचारू नका. मास्तर म्हणत ही उद्धट भाषा, हवालदार म्हणत ही मयताची भाषा, आणि मग छबूबाईंनी मध्ये चहा ठेविला तेव्हा तह जाहला की आरंभ हवालदाराचा घ्यावा, आवाज मास्तरांचा घ्यावा. ओव्हर म्हणावे की न म्हणावे, यावर मात्र तह जाहला नाही.

डॉक्टर उजागऱ्यांनीही मोठे मन केले. आपले खोलीतून वॉर्डाचा टेलिफोन फिरवावा आणि तालीम घ्यावी. परंतु वडीलधारे बोलू लागले की आपण बोलू नये, मान हलवावी, हे सिस्टरच्या हाडीमासी भिनलेले. डॉक्टर पुसत, नाडी जलद आहे काय? सिस्टर इकडे भिंतीसमोर अदबीने मान हलवीत. डॉक्टर तिकडे हॅलो हॅलो करोन घसा फोडीत. ऐशा रीतीने तालीम जाहली आणि सर्वांची खात्री पटली की धडगत नाही.

मग तो दिवस उगवला. मिस हॉल्ट आल्या. उंच, सडपातळ, केस पांढरे, चेहऱ्यावर राग ना लोभ. चहा घेतला, बिस्किट नको म्हणाल्या, आणि हुकूम केला की आपण डॉक्टरांचे खोलीत बसून विलायती डॉक्टर होणार, सिस्टरने वॉर्डातून टेलिफोन करावा. रोगी कल्पनेतला, त्याची खबर ऐसी: खाट पाच, प्रौढ बाई, ताप, छाती भरली, श्वास जड, आणि पेनिसिलिन तिला सोसत नाही, मागे सर्वांग सुजले होते. इतके सांगोन बाई खोलीत गेल्या. डॉक्टर उजागरे त्यांचे शेजारी बसले. मास्तर आणि हवालदार ओसरीवर, खिडकीशी कान देऊन. वॉर्डात टेलिफोनापाशी मरिया सिस्टर, आणि फरशी कोरडी ठणठणीत असूनही ती पुसत असलेल्या छबूबाई.

सिस्टरने टेलिफोन उचलिला. बोलली की डॉक्टर, वॉर्डातून सिस्टर मरिया बोलते, खाट पाच, श्वास जड, छाती भरली, आपण ताबडतोब यावे. आणि ओव्हर हा शब्द ओठापर्यंत आला तो गिळिला. ओसरीवर हवालदारांनी मांडी थोपटली, मास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. पलीकडून सवाल आला की नाडी जलद आहे काय? सिस्टरने मान हलविली. पुन्हा सवाल आला. पुन्हा मान हलली.

"आगं मान काय हलीवती," छबूबाई खालून कुजबुजल्या, "तिला दिसतंय व्हय?"

सिस्टर भानावर आली आणि होय, जलद आहे, ऐसे साफ बोलली. येथवर पारडे आपले होते. आणि मग मिस हॉल्ट यांनी सुरुंग लाविला. शांतपणे फर्मान केले की ठीक आहे सिस्टर, मी सकाळी येईन, तोवर पेनिसिलिनचे इंजेक्शन द्या.

सिस्टरला कळले की हे चुकले. परंतु डॉक्टर तो डॉक्टर, मग तो खोटा का असेना, त्यास तोंडावर नाही म्हणावे हे त्या जिभेस ठाऊकच नव्हते. सारे आयुष्य ज्या वाटेने गेली त्याच वाटेने ती गेली. टेलिफोन हातात, मान वळवून मोठ्याने बोलली, "छबूबाई, ह्या बाईंना मागं पेनिसिलिननं सूज आली होती ना हो?"

"व्हय बाई, लई आल्ती," छबूबाई म्हणाल्या.

पलीकडे मिस हॉल्ट, त्यांस मराठीचा गंध नाही. त्यांनी पुसले की काय गलबला आहे, इंजेक्शन दिले काय? सिस्टर हिंमत सोडीना. तोच मजकूर इंग्रजीत केला आणि पुन्हा छबूबाईंसच ऐकविला. छबूबाईंस इंग्रजीतले आपले नाव तेवढे कळले, तरी त्या व्रताप्रमाणे म्हणाल्या, "व्हय, व्हय." खोलीत डॉक्टर उजागरे छताकडे पाहू लागले, सवयच ती.

मिस हॉल्ट यांचा आवाज चढला नाही, हीच मोठी भीतीची गोष्ट. त्यांनी फर्माविले की सिस्टर, तुम्ही छबूबाई नामे कोणास काही सांगत आहात ते मी ऐकले. माझे इस्पितळात छबूबाई नाहीत. जे सांगणे आहे ते मला सांगा. पुन्हा हुकूम करते, पेनिसिलिन द्या.

सिस्टरचे डोळे भरले. ओसरीवर हवालदार खिडकीचा गज धरून उभे, मास्तर प्रार्थना पुटपुटत. सिस्टरने पुन्हा छबूबाईंकडे पाहिले आणि तोंड उघडिले. तों छबूबाईंनी फडके बादलीत टाकिले आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. इंग्रजी त्यांस कळले नव्हते, पण पोर कोठे अडली ते कळले.

"मी चालले भाईर," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोलू नगं. तिच्याशीच बोल."

आणि बादली उचलोन त्या खरोखर निघोन गेल्या, आणि दार लोटून घेतले. मरिया सिस्टर एकटी राहिली. समोर भिंत, हातात टेलिफोन. ऐसे एकटेपण तिने आजवर पाहिले नव्हते, आणि विलायतेस तेच असणार होते.

मग ती बोलली. "नाही, डॉक्टर." इंग्रजीत, मोठ्याने, ऐसे की ओसरीवर स्पष्ट ऐकू आले. "ह्या बाईंना पेनिसिलिन सोसत नाही. मी ते देणार नाही. दुसरे औषध सांगा, आणि सकाळी नव्हे, आत्ता या."

मिस हॉल्ट यांनी टेलिफोन हळूच खाली ठेविला आणि हुकूम केला की जागा हिचीच, आणि पहिल्यांदाच बिस्किट घेतले. डॉक्टर उजागरे उठोन खिडकीशी गेले. त्या दौलतीत त्यांनी डॉक्टरास नाही म्हटलेले आज प्रथम ऐकिले, आणि बहुधा मनात हिशेब करीत असावेत की छताकडे पाहता पाहता आपण काय काय ऐकिलेच नाही. मग वळोन म्हणाले, मिस हॉल्ट, हिची जागा मी कोणाकडून भरू?

ओसरीवर एकच जल्लोष जाहला. मास्तर आणि हवालदार यांनी एकमेकांस मिठी मारिली आणि फत्ते कोणाच्या इंग्रजीने जाहली यावर लगेच भांडू लागले. मरिया सिस्टर त्यांस ओलांडून थेट छबूबाईंपाशी गेली. त्या बाहेर बाकाशी बादली घेऊन उभ्या होत्या.

"छबूबाई," सिस्टर म्हणाली, आणि या खेपेस मागे ऐकणारा डॉक्टर कोणी नव्हता. "मला तुम्हाला सोडून जायला नको वाटतंय."

इतकी वर्षे सारा दवाखाना छबूबाईंपाशी बोलला, पण छबूबाईंसाठी म्हणोन कोणी बोलले नव्हते. त्यांस व्हय म्हणवेना, न्हाई म्हणवेना. मग त्या वळल्या आणि बाकावर औषधाची वाट पाहत बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्यास म्हणाल्या, "आवो बाबा, ह्या पोरीला सांगा जरा. तिकडं थंडी लई आसती म्हनत्यात. सोटर घालत जा म्हनावं. आन येळच्या येळी जेव म्हनावं."

म्हातारा गोंधळला, पण त्याने निरोप जसाचा तसा पोचविला.

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. पौष वद्य पक्षी, दिवस उतरण्यापूर्वी, मरिया भांबळ सिस्टर यांनी टेलिफोनाचा गड सर केला, विलायतेची जागा हस्तगत केली, आपले बाजूस जखमी कोणी नाही. छबूबाई बादली घेऊन पुन्हा वॉर्डात गेल्या आणि कोरडी फरशी पुसू लागल्या, ती मात्र या खेपेस खरीच ओली होत होती. हा मजकूर रुजू केला असे.