नॉर्मलपेक्षा जास्त ऊन

हवामानाच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! पुण्यात असतानाही मी आकाशाकडे बघून कधी छत्री घेतली नाही, वेबसाइट बघूनच घेतली. त्यामुळे २००६च्या एप्रिलमध्ये सासूबाईंनी नागपूरहून फोन करून "माझं तिकीट कॅन्सल करा," असं सांगितलं, तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

कारण तसं गंभीर होतं. माझ्या मेहुणीचं, हिमानीचं, लग्न डिसेंबरात ठरलं होतं आणि रुखवतात सासूबाईंच्या हातच्या कुरडया हव्याच होत्या.

"व्याही अकोल्याचे आहेत बाप्पा! रुखवतातली एकेक वस्तू उलटून बघतील. मी उन्हाळाभर तिकडे आली तर कुरडया वाळवू कुठं?"

"आमच्या डेकवर!" मी म्हणालो. "आई, यंदाच्या उन्हाळ्याचा अंदाज मी प्रिंट करून फ्रिजवर लावलाय. नकाशात आमचा भाग लालभडक आहे. नॉर्मलपेक्षा जास्त तापमान!"

इथे एक छोटासा खुलासा करतो. आम्ही राहायचो अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटातल्या दुलुथला, लेक सुपीरियर नावाच्या समुद्राएवढ्या तळ्याच्या अगदी काठावर. नोकरी बदलून तिथे गेलो ते ऑक्टोबरात. म्हणजे तिथला उन्हाळा मी अजून पाहिलेला नव्हता. पण नकाशा पाहिला होता ना!

सासूबाई मेअखेरीला आल्या. बॅगेत पितळी सोऱ्या, प्लॅस्टिकचे चार मोठे कागद आणि सगळ्या सुती साड्या. स्वेटर माझ्या शब्दावर घरी ठेवला होता!

जूनच्या पहिल्या शनिवारी, तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून आम्ही डेकवर, म्हणजे घरामागच्या उघड्या लाकडी ओट्यावर, दोनशे कुरडया घातल्या. नऊ वाजता तळ्यावरून धुकं उठलं आणि पाहुण्यासारखं सरळ आमच्या डेकवर येऊन बसलं. दुपारपर्यंत कुरडया सकाळपेक्षा जास्त ओल्या झाल्या.

"काहून हो जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "इथलं ऊन ओलं असते का?"

मी घाईघाईने थर्मामीटर बघितला. "बावन्न!"

सासूबाईंचा चेहरा उजळला. "बावन्न? नागपूरले एवढं होत नाही बाप्पा!"

"आई, ते फॅरनहाइट आहे," माझी बायको रेखा म्हणाली. "आपल्याकडचे अकरा. शैलेंद्र, प्लीज, तू आता काही बोलू नकोस!"

सासूबाईंनी माझं स्कीइंगचं जाकीट साडीवर चढवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "रेखाचे बाबा तीस वर्षं हवामान खात्यात होते. ते म्हणत होते, जावयांना विचार, तिथलं नॉर्मल किती? मीच म्हटलं, जावयावर असा अविश्वास बरा नाही."

मी तोंड लपवत कॉम्प्युटरकडे गेलो. नॉर्मल होतं पन्नास. अंदाज तंतोतंत खरा ठरला होता! मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात तळ्यावरचे सीगल पक्षी आले. सासूबाई छत्री घेऊन धावल्या, मी झाडू घेऊन धावलो, तरी चाळीस कुरडया उडाल्या! हा गोंधळ बघून शेजारचे आर्वोआजोबा कुंपणाशी आले. पक्ष्यांसाठी घरटी विणताय का, असं त्यांनी अगदी आदराने विचारलं. रेखाने लग्नापासून रुखवतापर्यंत सगळं समजावलं. आजोबा मूळचे फिनलंडचे. त्यांनी आपल्या परसातल्या लाकडी खोलीचं दार उघडलं. सौना, म्हणजे बसून घाम काढायची गरम खोली! आत शेगडी, शेगडीवर तापलेले दगड आणि भिंतीला लागून रिकामी बाकं.

आम्ही एकशे साठ कुरडया बाकांवर मांडल्या. तासाभरात त्या कडक व्हायला लागल्या. आता मला राहवेना. सौनाबद्दलही मी वाचलेलं होतं!

"आई, दगडांवर पाणी ओतायचं असतं. त्याशिवाय खरी उष्णता नाही!" असं म्हणून मी बादलीभर पाणी ओतलं.

फस्सऽऽ! खोलीभर वाफ झाली. वाफ निवळली तेव्हा कुरडया पुन्हा मऊ पडल्या होत्या आणि सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली, मला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

पुढचे दोन दिवस त्या डोक्याला रेखाची ओढणी बांधून आत-बाहेर करत कुरडया उलटत होत्या. जन्मभर सौना घेतलेले आर्वोआजोबा दहा मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर यायचे. सासूबाई तासाभराने ताज्यातवान्या होऊन यायच्या. म्हणायच्या, "आता कुठं उन्हाळा लागल्यासारखा वाटला!"

डिसेंबरात नागपूरला रुखवत मांडलं. मध्यभागी कुरडयांची परात आणि त्यावर सासूबाईंच्या अक्षरात पाटी: 'थोरल्या जावयांकडे, अमेरिकेच्या उन्हात वाळलेल्या'. मी ती दोनदा वाचली. दोनशेतल्या चाळीस मी घालवूनही बाईंनी माझी अब्रू राखली होती!

नवरदेवाचे श्रीरामकाका एक कुरडई उलटून बघत म्हणाले, "काय हो, तिकडे एवढं ऊन असते?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी छाती फुगवली. "यंदा तर नॉर्मलपेक्षा जास्त!"

"असं का?" काका म्हणाले. "आणि नॉर्मल किती असते?"

मला एकदम आठवलं, पंगतीत पाणी वाढायचं राहिलं होतं.