जुगराजशेठची मुकी गाडी

आमच्या समोरच्या जुगराजशेठनी जन्मात कधी गाडीचा हॉर्न वाजवला न्हाई. मंठ्यासारख्या गावात राहायचं, बाजाराच्या दिवशीबी गाडी काढायची अन् हॉर्न वाजवायचा न्हाई, म्हणजे माणूस एक तर साधू पाहिजे न्हाई तर बिलकुल येडा. तीस वर्षं समोरासमोर राह्यलो, माझा अजून फैसला झालेला न्हाई.

रस्त्यात म्हैस बसलेली असली की शेठ गाडी बंद करतात, खाली उतरतात, धोतर सावरतात अन् म्हशीपुढं हात जोडून उभे राहतात. "चल माय, जरा सरक." म्हैस कशाची सरकते! मागं ट्रॅक्टरवाले बोंबलतात. शेठ वळून म्हणतात, "हॉर्न म्हणजे शिवीच की राव. तोंडानं कधी दिली न्हाई, मंग गाडीकडून कशाला देऊ?"

एकदा वाटूर फाट्याजवळ त्यांच्यापुढं लग्नाची वरात लागली. पुढं बँड, मधी नाचणारी पोरं, मागं शेठची गाडी. वरात चालंल तशी गाडी चालली, ती मांडवापस्तोर. तिथल्या लोकांनी पाव्हणा समजून शेठला फेटा बांधला, जेवू घातलं. संध्याकाळी फेट्यासकट घरी आले. भाभींची, म्हणजे त्यांच्या मंडळींची नजर साखरेनं गेलेली आहे. त्यांनी डोक्यावरचा फेटा हातानं चाचपला अन् म्हणाल्या, "या वयात कोणाशी लगीन करून आलात?"

शेठचं बियाण्याचं दुकान आहे. माणूस सरळ, खोटं बियाणं कधी विकलं न्हाई. खोड एकच. दर चार वाक्याला "जरा तोलू द्या." वांगी घ्यायची असोत की जावई करायचा असो, जरा तोलू द्या. वांगेवाली टोपली उचलून पुढच्या गल्लीत जाते, शेठ दोन हातात दोन वांगी धरून तसेच उभे.

माझी घरची गेल्यापासून माझा संध्याकाळचा चहा शेठच्या ओट्यावरच असतो. आपल्या घरी चूल पेटवायला बसलं की घर खायला उठतं. त्यापरीस शेठचं तोलणं बरं.

तर सांगायचं ते गाडीचं. शेठची जुनी डिझेल गाडी म्हणजे चार चाकांवर ठेवलेली खडीची मशीन. भाभींना डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला जालन्याला न्यावं लागतं. जाऊन आलं की त्या मणका धरून आठ दिवस निजून. शेवटी पुण्याहून त्यांचा पोरगा, महावीर, फोनवर ओरडला, "बाबूजी, मांची हाडं मोडायलेत त्या खटाऱ्यात! जल्दी मोठी गाडी घ्या. तीन निवडल्यात मी. घरीच पाठवतो, तुम्ही फक्त बोट दाखवा."

ज्याला वांग्यावर बोट ठेवता येत न्हाई त्याला हा पोरगा गाडीवर बोट ठेवायला सांगून राह्यला!

रविवारी संभाजीनगरहून तीन गाड्या आल्या. तिन्ही लांबलचक, घर विकून घ्याव्यात अशा. एक पांढरी, एक काळी अन् एक निळी, ती नवीन, हायब्रीड म्हणं. आमच्याकडं हायब्रीड म्हणजे ज्वारी, जिच्या भाकरीला चव न्हाई. मी तसं बोललो. निळ्या गाडीचा टायवाला म्हणाला, "काका, ही बॅटरीवरबी चालते अन् पेट्रोलवरबी. कवा कशावर चालायचं ते गाडीच ठरवते."

म्हणलं, बरं झालं. या घरात कोणीतरी ठरवणारं पाहिजेच होतं.

माझं शिक्षण चौथीपस्तोर, त्यामुळं पुढचं मला अर्धंच समजलं. पांढरीत माझ्या घरातल्या टीव्हीहून मोठा टीव्ही. काळीला वरून काचेचं छप्पर. मी विचारलं, मंठ्याच्या उन्हात डोक्यावर काच कोणाला पाहिजे? तिचा टायवाला म्हणाला, त्याला पडदा आहे. मंग काच कशाला? तर म्हणं उघडायला. निळीच्या सीटमधून खालून गार वारा येतो. मी बसलो अन् उठलो. या वयात बुडाला अचानक गार लागलं की माणूस दचकतो.

शेठनी यातलं काहीच पाह्यलं न्हाई. ते आत गेले अन् मुगाचे भाजलेले पापड टोपलीभर घेऊन आले. एकावर एक रचलेले. टोपली मागच्या सीटवर ठेवली, शेजारी मला बसवलं. "गिरणीवाले, हात लावायचा न्हाई. फक्त बघायचं."

पांढरी गाडी वाटूरच्या रस्त्यानं जाऊन आली, पापडाचा चुरा. दुसरी टोपली काळीत ठेवली, निम्मे मोडले. निळी गेली अन् आली, एका पापडाला तडा न्हाई. टायवाल्यानं जमिनीवर डोकं टेकवायचंच बाकी ठेवलं. मी म्हणलं, "झालं शेठ! भाभींचा मणका पापडापेक्षा मजबूत आहे. निळी घ्या."

"जरा तोलू द्या."

मंग शेठनी मला ओट्यावर बसवलं, भिंतीकडं तोंड करून. खांद्यावरचं उपरणं काढून माझे डोळे बांधले. "आता एकेक गाडी कोपऱ्यावरून येईल. आली असं वाटलं की हात वर करा."

मी म्हणलं, "शेठ, मी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. माझ्या कानात अजून पट्टा फिरून राह्यला. मला काय ऐकू येणार?"

"म्हणूनच तुम्हाला बसवलं. तुम्हाला आलं तर कोणालाबी येईल."

गल्लीतली पोरंसोरं जमली. त्यांना वाटलं आंधळी कोशिंबीर चाललीय. पांढरी आली, मला बराबर कळलं. काळी जरा जवळ आल्यावर कळलं. निळीची मी वाट पाहून राह्यलो. पाहून राह्यलो. पोरं खिदळायलीत. मी म्हणलं, "अरे सोडा की तिला आता!" तर कानाशीच शेठचा आवाज आला, "मी तर केव्हाचा आल्तो, गिरणीवाले."

उपरणं काढून पाहतो तर निळी गाडी ओट्याला टेकून उभी. टायवाला फुगून म्हणाला, "हेच तर हिचं वैशिष्ट्य, साहेब. सावकाश चालताना इंजिनच बंद. आवाज शून्य!"

शेठचं तोंड पडलं. तिन्ही गाडीवाल्यांना चहा पाजला अन् वाटंला लावलं.

माझं डोकं फिरलं. आवाज न्हाई म्हणून हळहळणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो. लोक आवाज करणारी गाडी परत करतात. महावीर रोज फोन करायचा, शेठ रोज तोलायचे. भाभी तेवढ्यात एकदा जालन्याला जाऊन आल्या अन् मणका धरून निजल्या. मी स्पष्टच बोललो, "शेठ, बाईमाणूस आत कण्हून राह्यलं अन् तुम्ही आवाज तोलता! लाज न्हाई वाटत?"

पुढच्या आठवड्यात मी नेहमीपेक्षा जल्दी त्यांच्या ओट्यावर गेल्तो. शेठ दुकानातून यायचे होते. भाभींचं दुखणं उतरलं होतं, खिडकीतून पाह्यलं तर त्या आत पाटावर गप बसलेल्या, हात मांडीवर. मी खोकलो. "या भाऊ," म्हणाल्या, पण उठल्या न्हाईत. इतक्यात कोपऱ्यावर त्या खटाऱ्याची खडखड झाली. मलाबी ऐकू आली. भाभी उठल्या. एक हात भिंतीला लावून दारापस्तोर आल्या, लोटलेलं दार उघडलं, पदर डोक्यावर घेतला, तशाच भिंतीभिंतीनं चुलीकडं गेल्या अन् चहा ठेवला. शेठ चपला काढेपस्तोर भाभींच्या तोंडावर अशी कळा, जसा काय दिवा लागला.

मी शेठकडं पाह्यलं. शेठनी मान खाली घातली.

"दिवसभर ती त्या पाटावर असती," ते हळूच म्हणाले. "तिच्यासाठी दिवस उगवतो तो कोपऱ्यावर गाडी खडखडली की. निळीत मणका वाचतो, पण मी आलेला तिला कळणार न्हाई. माझं येणं न येणं सारखंच झालं तर ती वाट कशाची पाहील? आणखी चार वर्षांनी कानबी तुमच्यासारखे होतील. आता सांगा, काय तोलू?"

मी आपलं म्हणलं, "हॉर्न वाजवा."

शेठनी माझ्याकडं असं पाह्यलं, जसं मी त्यांना कोंबडी खा म्हणलो.

दिवाळीला निळी गाडी आली. मणका जिंकला. पहिल्या दिवशी दुकानातून येताना शेठनी कोपऱ्यावर गाडी थांबवली. मी ओट्यावरून पाहत होतो. बराच वेळ काही न्हाई. मंग वाजला. जुगराजशेठनी हॉर्न वाजवला! किराणावाला दुकानाच्या बाहेर आला, म्हशीनंबी मान वळवली असंल.

भाभी पाटावरच. म्हणाल्या, "भाऊ, शेजारी कोणी आलं वाटतं."

हॉर्न तर सगळ्या दुनियेचा सारखाच. तिला कसा ओळखू यावा? शेठ आत आले तेव्हा दार लोटलेलंच होतं अन् चूल थंड. त्यांनी स्वतःच्या हातानं चहा केला. फार वाईट झाल्ता. मी पिला.

दुसऱ्या दिवशी निळी गाडी कोपऱ्यावर थांबली. काच खाली गेली. शेठनी मुंडकं बाहेर काढलं अन् छाती फाडून हाक मारली, "सोहनऽऽ! म्हैं आयग्यो!" म्हणजे त्यांच्या मारवाडीत, मी आलो.

तीस वर्षं आम्ही त्यांना भाभीच म्हणत आलो, या बाईचं नाव सोहन आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेठनीबी कधी चारचौघात घेतलं नव्हतं. आत भाभी केवढ्यानं दचकल्या! "येडे झाले का हे! सगळी गल्ली ऐकून राह्यली!" पदर ओढला, तोंड लाल झालं, अन् भिंतीला हात लावायचं विसरून थेट दारात आल्या.

आता रोज ती हाक येते. पोरं नक्कल करतात, टवाळ्या होतात. शेठला फरक पडत न्हाई. त्या हाकेनं भाभी उठतात, अन् खरं सांगायचं तर मीबी सावरून बसतो.

आमच्याकडंबी नावानं हाक मारायची रीत नव्हती. ती सुभाषची माय, मी सुभाषचे बाबा. हाक मारायचं कामच पडत नव्हतं. गिरणी घराला लागूनच. मी पट्टा उतरवला, आवाज बंद झाला की तिकडं तिला कळायचं, माणूस येतोय, तवा ठेवायचा.

आता गिरणी बंदच असते.

तिचं नाव गिरजा होतं. गल्लीत कोणाला ठाऊक न्हाई, म्हणून इथं लिहून ठेवलं.