तिसऱ्या गाण्यातला खोकला

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागातल्या हेडक्लार्कना वयाच्या बावन्नाव्या वर्षी असं आढळून आलं, की आपल्या आवडत्या रेकॉर्डवरच्या तिसऱ्या गाण्यात, दुसरं कडवं सुरू होण्याआधी, कोणीतरी खोकलं आहे.

ही रेकॉर्ड त्यांच्या घरात अठ्ठावीस वर्षं होती. लग्नाच्या वर्षी बायकोने आणलेली. रविवारी सकाळी चहा झाला की दोघं ती जुन्या प्लेअरवर लावायची, आणि प्लेअर इतका जुना होता की गाणारी बाई आणि चार वादक असे पाचही जण एकाच पत्र्याच्या डब्यात बसून गातात-वाजवतात असं वाटायचं. तरी कोणाचं काही अडलं नव्हतं. मग एका सहकाऱ्याच्या घरी हेडक्लार्कनी चांगली यंत्रणा ऐकली आणि दोन महिन्यांत त्यांच्या बैठकीच्या खोलीत नवी टर्नटेबल, शेगडीसारखा तापणारा ॲम्प्लिफायर आणि सात वर्षांच्या मुलाएवढ्या उंचीचे दोन स्पीकर येऊन उभे राहिले.

पहिल्या संध्याकाळी घरात खरोखरच काहीतरी घडलं. बाई समोर येऊन उभी राहिली. गाण्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला. व्हायोलिनचा गज तारेला टेकतो तो बारीक खरखरीत आवाज आला. बायकोने पदर डोळ्यांना लावला.

"इतकी वर्षं ही बाई अशी गात होती होय," ती म्हणाली.

"थांब," हेडक्लार्क म्हणाले. "ऐकलंस?"

"काय?"

"कोणीतरी खोकलं."

सुई मागे आली. त्या संध्याकाळी ती अकरा वेळा मागे आली. दुसरं कडवं काही बायकोला ऐकायला मिळालं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. खोकला नीट ऐकू यायचा तर दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसायला हवं, म्हणून सोफा गॅलरीत गेला आणि खोलीच्या मधोमध एक खुर्ची आली. खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा झाल्या. एकाच माणसाला नीट ऐकू येईल अशी जागा एकच असते, हे शास्त्रच असल्यामुळे बायकोची बदली स्वयंपाकघराच्या दारात झाली. फ्रिजची घरघर आड येते म्हणून श्रवणाच्या वेळेत फ्रिज बंद राहू लागला. दूध नासलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून कपाटात गेलं आणि तिथे, कोणाला वेळ न सांगता, इमानेइतबारे चालत राहिलं.

"अहो, मला ते गाणं एकदा शेवटपर्यंत ऐकायचंय," बायको एकदा म्हणाली.

"ऐकू की. एवढं प्रकरण निकालात निघू दे."

प्रकरणाची फाईल कार्यालयात तयार झाली होती. तिथे हेडक्लार्कना वेळ असे, कारण पाण्याच्या तक्रारी पिकायला ठेवल्याशिवाय उघडायच्या नाहीत असा विभागाचा शिरस्ता होता. त्यांनी रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहिलं. विषय : तिसऱ्या गाण्यातील खोकल्याची मालकी निश्चित करणेबाबत. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. सदर खोकल्याबद्दल कंपनी दिलगीर असून नव्या, स्वच्छ आवृत्तीतून तो समूळ काढून टाकण्यात आला आहे, असं त्यात होतं.

हेडक्लार्क दोन दिवस जेवले नाहीत. "हा पुरावा नष्ट करणं झालं," ते म्हणाले.

त्यांचा मेहुणा मंडळं काढण्यात हुशार होता. "दाजी, हे एकट्याचं काम नाही," तो म्हणाला, आणि पंधरा दिवसांत मूळ खोकला संरक्षण मंडळ नोंदलं गेलं. सभासद आपापली यंत्रणा सांगून ओळख करून देत. महिन्याभरात मंडळात फूट पडली. खोकला डाव्या स्पीकरमधून येतो असं मानणारे डावे आणि उजव्यातून येतो असं मानणारे उजवे. तो खोकलाच नाही, नुसतं खाकरणं आहे, असं म्हणणाऱ्या एका दंतवैद्याला एकमताने काढून टाकण्यात आलं. डाव्या-उजव्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

अशातच एके दुपारी कार्यालयाच्या खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. तीन आठवडे त्यांच्या नळाला पाणी नव्हतं आणि हा त्यांचा चौथा अर्ज होता. हेडक्लार्क तो ढिगाच्या तळाशी सारणार, तोच त्यांची नजर नावावर गेली. हे नाव त्यांना पाठ होतं. रेकॉर्डच्या कव्हरमागे चार वादकांची नावं छापली होती, त्यांतलं ते दुसरं. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं : निवृत्त व्हायोलिनवादक.

हेडक्लार्क उठून उभे राहिले. त्या विभागात तक्रारदाराला खुर्ची मिळाल्याची ती पहिलीच वेळ. चहाही आला.

"तो खोकला आपला का?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"कुठला खोकला? साहेब, माझं पाण्याचं..."

"पाण्याचं होईल. तिसरं गाणं. दुसऱ्या कडव्याआधी."

म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "तो आमच्या ड्रमवाल्याचा. ताप होता त्याला. आम्ही म्हटलं, पुन्हा घेऊ. बाई म्हणाल्या, नको, आज लागलंय तसं पुन्हा लागायचं नाही. म्हणून तसंच ठेवलं. सगळे रडत होतो हो आम्ही."

हेडक्लार्कनी टिपून घेतलं : ड्रमवादक. ताप. "आणि तो आपल्या कोणत्या बाजूला बसला होता?"

मंडळाने वृद्ध वादकाचा जाहीर सत्कार ठेवला. सभागृह भरलं. नामांकित स्पीकर मागवले होते. म्हातारा धुतलेला कोट घालून, व्हायोलिनची पेटी घेऊन आला. शाल, शब्द, टाळ्या झाल्यावर मेहुण्याने माईक त्याच्या तोंडाशी धरला आणि तो खोकला नेमका कसा होता, ते करून दाखवण्याची विनंती केली.

"मी ती व्हायोलिनची जागा वाजवून दाखवू का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"वेळ उरला तर अवश्य," मेहुणा म्हणाला.

म्हातारा खोकला. सभागृह उभं राहिलं. पुन्हा एकदा, अशी मागणी झाली. तिसऱ्यांदा खोकताना त्याला खरीच उबळ आली आणि ती सर्वात अस्सल ठरली. मग डाव्या-उजव्यांत जुंपली आणि सत्कारमूर्ती व्यासपीठावरून उतरून पेटीसह बाहेर गेले ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटच्या रांगेतून हेडक्लार्कांची बायको मात्र उठली. म्हातारा बाहेर पायरीवर बसला होता.

"दुसरं कडवं येतं का हो तुम्हाला अजून?" तिने विचारलं.

त्याने पेटी उघडली. एक तार उतरलेली होती, रस्त्यावरून ट्रक जात होते. ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली आणि तिने ते शेवटपर्यंत ऐकलं.

तेवढ्यात दार उघडून हेडक्लार्क बाहेर आले. "जरा हळू वाजवा," ते म्हणाले. "आत खोकला ऐकू येत नाहीये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्याचा चौथा अर्ज स्वतःच्या हाताने निकालात काढला. शेरा मारला : तक्रारदाराचा यथोचित सत्कार करण्यात आला, तक्रार उरली नाही. नळ कोरडाच होता, पण नळाचा रकाना वेगळा असतो.

एका गोष्टीची नोंद मात्र या फाईलमध्ये कुठेच नाही. ते गाणं कशाबद्दल होतं, हे कंपनीने विचारलं नाही, मंडळाने विचारलं नाही, हेडक्लार्कनीही नाही. आपण इथवर वाचत आलात. खोकला कोणाचा, हे आपल्याला आता पक्कं ठाऊक आहे. गाण्याचं आपणही विचारलं नाहीत.