तिसऱ्या पद्धतीचा चेहरा

श्रीनिवास हुपरीकरने आयुष्यात एकही वस्तू तुलना केल्याशिवाय घेतलेली नव्हती, आणि हे तो समोरच्याने विचारायच्या आत सांगत असे. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या कॉम्प्युटर कंपनीत अठरा वर्षं काढलेला माणूस! वॉशिंग मशीन निवडायला त्याला सात महिने लागले. अकरा मॉडेल्स, नऊ निकष, प्रत्येकाला दहापैकी मार्क. त्या सात महिन्यांत वैजयंतीने चादरी बाथटबमध्ये पायांनी तुडवून धुतल्या. पण जे मशीन आलं, ते चौदा वर्षांत एकदाही बिघडलं नाही. "याला सिस्टिम म्हणतात!" असं तो पाहुण्यांना थेट मशीनपाशी नेऊन सांगे. पाहुणे बिचारे चहाची वाट बघत उभे राहत.

बायको तेवढी सिस्टिमशिवाय आली होती. ती आईने निवडली. वैजयंती म्हणजे आईच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी करून घ्यायची पद्धत घरात होतीच, त्यामुळे कोणी कोणाला फारसं विचारलं नाही. वैजयंती जिला लहानपणापासून 'आत्या' म्हणून बिलगायची, ती एका सकाळी अक्षता पडल्या आणि सासू झाली.

तर झालं असं, की चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत लंडनच्या एजवेअरला एका शाळेच्या हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नवऱ्यांना गाडी चालवायला आणि खुर्च्या लावायला आणलेलं होतं. तिथे रश्मी नावाची पुण्याहून नुकतीच आलेली मुलगी वैजयंतीला वाकून नमस्कार करत म्हणाली, "काकू, ते खुर्च्या लावताहेत ते तुमचे चिरंजीव ना? चेहरा अगदी तुमच्यावर गेलाय!"

वैजयंती पन्नाशीची. श्रीनिवास चोपन्नचा, पण महिन्यातून दोनदा केस काळे करणारा. आते-मामे भावंडांचे चेहरे एका वळणाचे असणारच, त्यात नवल काय? पण चिरंजीव!

परतताना मोटरवे लागला तेव्हा वैजयंतीने गाडीच्या आरशात दोनदा चेहरा पाहिला. मग काचेबाहेर बघत म्हणाली, "अहो, मला फेसलिफ्ट करायचंय."

दुसरा कोणी असता तर त्याने कचकन ब्रेक दाबला असता. श्रीनिवासने विचारलं, "कुठल्या पद्धतीने?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून घर कामाला लागलं. लायब्ररीतून शल्यचिकित्सेचे ग्रंथ आले, क्लिनिकांची माहितीपत्रकं आली. ती वाचताना श्रीनिवास जेवणाच्या टेबलावर स्वतःचाच गाल चिमटीत धरून बसे. शेवटी त्याने एजवेअरच्या डॉक्टर माधवला फोन लावला. हा त्याचा जुना मित्र.

"चार प्रकार धर," माधव म्हणाला. "एक, नुसती कातडी कानाकडे ओढून शिवायची. दोन, कानापुढे छोटासा छेद, छोटासा ताण. तीन, जरा खोल जाऊन गाल आतूनच सरळ वर उचलायचा. चार, त्याहूनही खोल, पार हाडापर्यंत. अरे, एवढा विचार कशाला करतोस? सर्जिकल टेप आण, त्या त्या दिशेने ओढून गालाला लाव आणि बघ. सगळा खेळ दिशेचा आहे!"

हे श्रीनिवासला एकदम पटलं. ट्रायल! त्याने मोठ्या कागदावर पेन्सिलीने तक्ता आखला. नैसर्गिकपणा, व्रण, टिकाऊपणा, किती दिवस रजा टाकावी लागेल, असे चार निकष. दर रविवारी एक पद्धत.

पहिल्या रविवारी वैजयंती हेल्मेट न घालता मोटारसायकलवर बसून निघाल्यासारखी दिसली. चाळीसपैकी बारा. दुसऱ्या रविवारी काही फरकच दिसेना. श्रीनिवासने दोनदा चष्मा पुसला. "टेप लावली आहे ना नक्की?" असंही विचारलं, आणि त्याबद्दल ऐकून घेतलं.

तिसरा रविवार फेब्रुवारीतला. दुपारचे चार वाजलेले, बाहेर उजेड निघून चाललेला. वैजयंती ड्रेसिंग टेबलापाशी बसली होती. श्रीनिवासने मागे उभं राहून तिचे दोन्ही गाल सरळ वर उचलले, टेपा केसांच्या आत नेऊन चिकटवल्या आणि मान वर करून आरशात पाहिलं.

आरशात आई होती.

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि ही शेवटची, थकलेली आई नव्हेच! तो चौथीत असताना प्रगतिपुस्तक हातात घेऊन दारात उभी राहायची ती आई. पस्तिशीची. गालाची हाडं वर आलेली, ओठ मिटलेले, डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर. श्रीनिवासचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"कसं दिसतंय?" ओठ आईचे हलले, आवाज वैजयंतीचा आला.

"ब... बरं दिसतंय."

"मार्क?"

आता सिस्टिम म्हणजे सिस्टिम! नैसर्गिकपणा पाहायचा तर यापेक्षा नैसर्गिक काय असणार? त्याने बेरीज केली. चाळीसपैकी अडतीस. इतके टक्के वॉशिंग मशीनलाही मिळाले नव्हते.

"राहू दे थोडा वेळ," वैजयंती म्हणाली. "सवय होईल." आणि ती आरशात बघून हसली. मायेने, डोळे भरून. आपल्या आईला श्रीनिवासने असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यापासून घराचं काही खरं राहिलं नाही. वैजयंती कौन्सिलच्या ऑफिसातून आली की कोट काढायची, टेप लावायची आणि स्वयंपाकाला लागायची. श्रीनिवास कारलं खाऊ लागला. दुसऱ्यांदा मागूनसुद्धा! दारातले बूट त्याने टाचेला टाच लावून मांडले. ती खोलीत आली की तो पेपर बाजूला ठेवून उभा राही. एकदा तर टीव्हीवर स्नूकर लावायच्या आधी त्याने विचारलं, "बघू का?"

"मला काय विचारता?" वैजयंती म्हणाली.

सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहाची. सिंकवरची खिडकी तेव्हा काळी झालेली असे आणि तिच्या काचेत तो चेहरा तरंगत असे. वैजयंतीची तर पाठ दिसत असायची, पण काचेतली आई थेट त्याच्याकडे बघत असायची. श्रीनिवास दुसरीकडे तोंड करून कांदा चिरू लागला. कांदा चिरण्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. डोळ्यांत पाणी आलं तरी कोणी कारण विचारत नव्हतं.

शनिवारी सकाळी कुंपणापलीकडून मिसेस पाइकने हाक मारली. वय ब्याऐंशी. शहाऐंशी साली आई आठ महिने इथे राहिली होती, तेव्हा दोघी कुंपणावरून आपापल्या भाषेत तासन्तास बोलायच्या.

"ओ श्रिनी, हाऊ लव्हली!" मिसेस पाइक म्हणाली. "युअर मम्ज बॅक! काल वरच्या खिडकीत दिसली. मी हात केला, तिनेही केला. आणि किती तरुण दिसतेय! खाते तरी काय ती?"

ती सहा वर्षांपूर्वी वारली, हे कुंपणावरून सांगण्यासारखं नव्हतं.

"भात," श्रीनिवास म्हणाला आणि घरात निघून गेला.

आता काहीतरी करणं भाग होतं. सरळ सांगावं, तर कसं? तू तरुण दिसतेस, पण माझ्या आईसारखी? जिला कोणीतरी नवऱ्याची आई समजलं म्हणून ती फेसलिफ्टला निघाली होती, तिला? त्यापेक्षा मरण बरं! मग त्याने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. त्याने तक्त्यात फेरफार केला. रात्रीपर्यंत थांबायचाही धीर नव्हता. वैजयंती दुकानात गेलेली बघून त्याने रबर घेतलं. अडतीसचे एकतीस झाले. नसांना धोका आहे म्हणून चोवीस. सूज जास्त म्हणून एकोणीस.

सोमवारी वैजयंतीने कागद उजेडाकडे धरला. "अहो, तिसऱ्या पद्धतीला भोक कसं पडलं?"

"कागद... पातळ आहे."

"आणि अडतीसचे एकोणीस? ते कशाने पातळ झाले?" तिने तक्ता खाली आपटला. "मी चांगली दिसले की तुम्हाला खुपतं, असं सरळ सांगा ना!"

"तसं नाही गं!"

"मग कसं?"

श्रीनिवासने तक्ता उचलून पुन्हा वाचला. चार निकषांत हा निकष नव्हताच.

"शुक्रवारी अकरा वाजता लंडनला सर्जनची अपॉइंटमेंट आहे," ती म्हणाली. "तारीख ठरवूनच येणार मी. आणि तिसरीच पद्धत करणार. तुमचे मार्क तुमच्यापाशी!"

शुक्रवार! मग टेप नाही, रात्री झोपताना सोलून काढणं नाही. रोज सकाळी टोस्टच्या पलीकडे आई. गाडीत शेजारी आई. आणि रात्री उशीवर... उशीचा विचार त्याने तिथेच थांबवला.

बुधवारी डोकं दुखतंय म्हणून तो दुपारीच घरी आला. वैजयंतीची अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, हे त्याच्या लक्षात नव्हतं. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर असताना वरच्या बाथरूममधून बोलणं ऐकू आलं. दार लोटलेलं होतं.

"बोल ना गं," वैजयंती म्हणत होती. "आदल्या दिवसापर्यंत वैजू होते मी तुझी. माझ्या वेण्या तू घालायचीस. चिकूच्या बिया काढून मला भरवायचीस. आणि लग्नाची पंगत उठली तशी म्हणालीस, 'सूनबाई, भांडी मोजून घ्या.' घ्या! मला! त्या दिवशी नवरा मिळाला, पण माझी आत्या गेली की गं! पुन्हा मरेपर्यंत एकदा तरी वैजू म्हणालीस का?"

ती रडत होती. तीस वर्षांत श्रीनिवासला याचा पत्ताही नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. तो वर जाणार, इतक्यात दुसरा आवाज आला. हळू, कोरडा, कोल्हापुरी.

"सगळ्यांसमोर काय वैजू म्हणायचं? जावा हसल्या असत्या."

श्रीनिवासच्या हातातली ब्रीफकेस सुटली आणि धाडधाड करत थेट दारापर्यंत गेली. तो मात्र, का कोण जाणे, वर धावला आणि त्याने दार ढकललं.

टबच्या कडेवर वैजयंती एकटी बसली होती. गालांना टेप, डोळे लाल.

"अहो! इतक्या लवकर?"

"आई काय म्हणाली?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

वैजयंती उठून उभी राहिली. "म्हणजे... तुम्हालाही दिसते?"

"तिसऱ्या रविवारपासून!"

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटते मला तिची!" श्रीनिवास ओरडला. "चोपन्न वर्षांचा घोडा झालोय, चाळीस माणसं हाताखाली आहेत, आणि मला अजून तिची भीती वाटते! म्हणून खोडले मार्क!"

वैजयंतीला आधी हसू फुटलं, मग ती इतकी हसली की डावीकडची टेप सुटली. अर्धी वैजयंती, अर्धी आई! हे तर पहिल्यापेक्षा भयंकर होतं. श्रीनिवास टॉयलेटच्या झाकणावर मटकन बसला.

"तुम्हाला आई दिसते," ती डोळे पुसत म्हणाली. "मला नाही हो. मला माझी आत्या दिसते. मी सात वर्षांची होते ना, तेव्हाची. तिसऱ्याच पद्धतीत येते ती. म्हणून तीच हवी होती मला."

श्रीनिवासने तिची सुटलेली टेप बोटाने सरळ केली. मग म्हणाला, "करून घे मग. मी सवय करीन." हे बोलायला त्याला किती जड गेलं, ते त्याचं त्यालाच माहीत.

वैजयंतीने आरशात पाहिलं. उरलेली टेप हळूच काढली, आणि गाल आपापल्या जागी आले.

"नको," ती म्हणाली. "कायमची घरात आली की परत सासू व्हायची ती. अधूनमधून आलेलीच बरी."

तिने लगेच खाली जाऊन क्लिनिकला फोन केला आणि अपॉइंटमेंट रद्द केली. श्रीनिवासला इतकं हलकं वाटलं, की तो तिला कौतुकाने म्हणाला, "पण ते 'जावा हसल्या असत्या' मात्र तू हुबेहूब काढलंस हं! आवाजसुद्धा!"

"काय काढलं मी?"

"आईचा आवाज. ती म्हणाली ना, सगळ्यांसमोर काय वैजू म्हणायचं."

वैजयंतीचा चेहरा पांढरा पडला. "अहो, मी एकटीच बोलत होते. तिने एवढं उत्तर दिलं असतं, तर रडले कशाला असते?"

 मग श्रीनिवास म्हणाला, "चहा टाकतो," आणि ती म्हणाली, "आलं घाला," आणि तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

तेव्हापासून दर रविवारी चार ते पाच वैजयंती टेप लावून आरशापुढे बसू लागली. तासभर आत्याशी गप्पा. त्या वेळात श्रीनिवासने बागेत जायचं, असं ठरलं होतं. तीन रविवार तो गेला. चौथ्या रविवारी मात्र तो तक्ता घेऊन बेडरूमच्या दारात उभा राहिला.

"आई," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "हे मी केलंय. चार पद्धती, चार निकष. माधव म्हणतो, एवढा अभ्यास तर सर्जनसुद्धा करत नाहीत." एक 'छान' हवं होतं त्याला, बस्स! पन्नास वर्षं हवं होतं.

खुर्चीतल्या बाईने हात पुढे केला आणि तक्ता घेतला. वरपासून खालपर्यंत, एकेक रकाना बोट ठेवून वाचला. बाहेर कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, ते थांबलं. मग तिने कागद परत त्याच्या हातात दिला.

"अक्षर अजून तसंच आहे."

हे वैजयंती बोलली की कोण, ते विचारायची त्याची छाती झाली नाही. त्या संध्याकाळी श्रीनिवास हुपरीकरने नवा कागद घेतला, खाली पट्टी धरली आणि अख्खा तक्ता सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढला. ऑपरेशन रद्द होऊन तोवर महिना होत आला होता!