नव्या जिल्ह्याचा प्रसन्न चेहरा

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्याला स्वतःचा असा दुष्काळही मिळाला होता. त्याच उन्हाळ्यात पहिल्या जिल्हा क्रीडास्पर्धा भरल्या. चाकूरची पंचफुला सूर्यवंशी, दहावीतली मुलगी, आठशे मीटरमध्ये पहिली आली. तो क्षण फोटोग्राफर माणिकप्पांनी टिपला. माणिकप्पा लग्नाळू मुलींच्या फोटोंसाठी प्रसिद्ध. निगेटिव्हवर पेन्सिलीने ‘टचिंग’ करून ते देवीचे व्रण घालवत आणि बसलेले गाल भरून काढत.

क्रीडा अधिकारी शरदचंद्र साहेबांनी फोटो पाहिला आणि चष्मा काढला.

“हिचं तोंड का उघडं आहे? नव्या जिल्ह्याचा चेहरा म्हणून हा वर जाणार आहे.”

“पळायली ना साहेब. मिटलं तर जीव जाईल की तिचा.”

“फोटोत जात नाही.”

माणिकप्पांनी तोंड मिटवले. मिटलेल्या तोंडावर आठ्या शोभेनात, म्हणून आठ्या गेल्या. आठ्याच नाहीत तर मानेच्या शिरा कशाला ताणलेल्या, म्हणून त्याही गेल्या. घाम गेला. एवढ्या शांत मुलीभोवती धुरळा विचित्र दिसू लागला. शिवाय धुरळ्यावरून वर पाण्याचा विषय निघाला असता. धुरळा पुसला तर पाय अधांतरी राहिले, तेव्हा खाली ब्रशने गवत काढले. मागून येणाऱ्या मुलीचे दात दिसत होते. तिच्या जागी कुंडी ठेवण्यात आली.

“आता कशी प्रसन्न दिसते!” साहेब म्हणाले.

“दिसते खरी,” माणिकप्पा म्हणाले, “पण पळत न्हाई साहेब.”

फोटो वर गेला. गवत पाहून वरच्या कचेरीने ‘चारा छावणी कशासाठी?’ अशी विचारणा केली. छावणी तूर्त थांबली.

पुढे नांदेडला विभागीय स्पर्धा झाल्या. पंचफुला पुन्हा पहिली आली. गुडघ्यांवर हात टेकून ती धापा टाकत होती, तेवढ्यात परीक्षक शेषेराव तिचे प्रवेशपत्र घेऊन आले. त्यावर तोच फोटो होता.

“ही तू नाहीस.”

“मीच हाय की सर.”

“हिला दम लागलेला नाही.”

“मी आत्ता पळून आले ना सर!”

हा खुलासा समितीने ग्राह्य धरला नाही. मात्र सहानुभूतीपूर्वक विचार करून शर्यत पुन्हा घेण्याचे ठरले. पंचफुलाने फोटोप्रमाणे धावून दाखवावे. ओळख न पटल्यास तिच्या शाळेवर बंदी. शाळेच्या बाकीच्या मुली रडकुंडीला आल्या. पंचफुलाने त्यांच्याकडे पाहिले, ओठ मिटले, कपाळ सैल सोडले आणि ती धावली. अर्ध्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, पण ओठ हलले नाहीत. ती शेवटची आली.

शेषेरावांनी फोटो तिच्या गालाशी धरला. “ओळख पटली.”

समितीने तिचे अभिनंदन केले आणि शेवटचा क्रमांक कायम केला.

“मंग आधी पहिली कोण आलती?” पंचफुला किंचाळली.

तो प्रश्न समितीच्या कक्षेत नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. टचिंगची गरजच पडली नव्हती. ‘हरली, पण चेहऱ्यावर बघा किती समाधान!’ म्हणत लोकांनी तो एकमेकांना दाखवला. दुसऱ्या शर्यतीत पहिली आलेल्या मुलीचा फोटो छापला गेला नाही, कारण तिचे तोंड उघडे होते. तिचे नाव तुम्हीही विचारले नाहीत.